उभं वल्हं

६ फेब्रुवारी २०२४, मंगळवार

पेपरात मी 'एक महिला' आहे.

"साकोली तालुक्यातील चांदबांध तलावात मोटारबोट व डोंग्याची धडक. वृद्ध व्यापाऱ्याचा मृत्यू. सोबत असलेली एक महिला बचावली." अडुसष्टाव्या वर्षी माणूस वृद्ध होतो, हे त्या बातमीदाराला कोणी सांगितलं? आणि जिल्हा न्यायालयात एकतीस वर्षं स्टेनोग्राफर राहिलेली बाई 'एक महिला'? हॉस्पिटलच्या व्हरांड्यात मी त्याला स्वतः नाव सांगितलं होतं, रीता बारापात्रे. त्याने लिहून घेतलं नाही. "घरच्यांपैकी कोणी आहे का मॅडम?" असं विचारत तो पुढे गेला.

ही वही त्या रागात काढली आहे. नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आमच्याकडून रोज इंग्रजीत डायरी लिहून घ्यायच्या. इंग्रजीत लिहिलं की मी फार सभ्य होते. म्हणून मराठीत लिहिते आहे.

घडलं ते लिहून ठेवते. साक्षीदार दोन वर्षांनी काय बोलतात, ते मी आयुष्यभर टाइप केलं आहे. म्हणून आत्ताच.

रविवारी दुपारी मी आणि धकातेजी भंडाऱ्याहून एसटीने चांदबांधला गेलो. टेकचंद धकाते, बाजारातलं कोसा रेशमाच्या साड्यांचं दुकान त्यांचं. मी रिटायर झाल्यावर एकदा ते बंगळुरूच्या गिऱ्हाइकाला इंग्रजीत पत्र लिहून घ्यायला माझ्याकडे आले होते. बायको जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. पत्र झालं, गिऱ्हाईकही मिळालं, तरी येत राहिले. आपल्या जिल्ह्यात तलावांना तोटा नाही, म्हणून रविवारी एखादा तलाव बघून यायचं असं ठरलं. सहा वर्षं. बस्स, एवढीच ओळख.

चांदबांधला गेल्या दिवाळीपासून बोटिंग सुरू झालं आहे. पेट्रोल पंपवाल्या शेठचं. बोट चालवणारा तेजराम, आधी साकोलीत टेम्पो चालवायचा, बोटही टेम्पोसारखीच चालवतो. बोटीत आम्ही दोघं आणि नागपूरचं एक जोडपं. लाइफ जॅकेटची बक्कलं तुटलेली, ती सुतळीने बांधून दिली. मी म्हटलं, "हे काय पार्सल बांधता काय?" तेजराम म्हणाला, "पाणी कमी आहे आंटी, बुडाले त कंबरभर." मी त्याची आंटी नाही.

उन्हं उतरली होती. समोर एक ढिवर, तलावातला मच्छीमार, डोंग्यात उभा होता. आम्ही जवळ येताना त्याने वल्हं उभं धरलं, पार डोक्याच्या वर. तेजरामने त्याला हात केला. धकातेजी म्हणाले, "पाहा मॅडम, रामराम करून राहिला." मग आम्हीही हात केला. त्याने वल्हं खाली घेतलं. बोट तशीच सरळ गेली. खाली जाळं होतं. त्याची दोरी पंख्यात अडकली, बोट जागच्या जागी गरकन फिरली, आणि डोंग्याचं टोक धकातेजींच्या छातीत बसलं. ते पाण्यात पडले. सुतळी सुटली. जॅकेट तरंगत राहिलं, रिकामं.

ढिवरानेच उडी मारून त्यांना वर काढलं. साकोलीच्या डॉक्टरांनी बघितलं आणि मान हलवली.

मला 'बचावली' हा शब्द आवडलेला नाही.

१० फेब्रुवारी, शनिवार

साकोली पोलीस ठाण्यात बयाण दिलं. बोलावलं नव्हतं, मीच गेले. जमादार म्हणाला, "मॅडम, घरच्यांचं बयाण झालं आहे. ते मंडळाच्या सहलीत गेले होते ना?"

"कुठलं मंडळ?"

"ज्येष्ठ नागरिक मंडळ. त्यांच्या मुलीनं सांगितलं."

मी म्हटलं, त्या मंडळाची सहल चार वर्षांत रामटेकच्या पुढे गेलेली नाही. बोटीत मी होते, माझं घ्या. घेतलं. नाव, वय चौसष्ट, धंदा निवृत्त. मग पेन थांबवून विचारतो, "मृतकाशी नातं?"

"ओळख."

त्याने 'परिचित' लिहिलं. ठीक आहे. शब्द बरोबर आहे.

गुन्हा गोपीचंद मारबतेवर दाखल झाला आहे. तोच ढिवर, ज्याने उडी मारली! म्हणे बोटिंगच्या हद्दीत जाळं टाकलं, झेंडा नाही, दिवा नाही, इशारा दिला नाही. मी विचारलं, तेजरामचं काय? "तपासात आहे." आणि शेठ? जमादाराने पंख्याकडे पाहिलं. तो बंद होता.

मी सगळं सांगितलं. तेजरामने हात केला, नंतर आम्ही केला. मी डावा हात वर केला, हेही सांगितलं, कारण तसंच झालं होतं.

"डावा काहून मॅडम? डावखुऱ्या आहात का?"

"तुम्ही लिहा."

आमच्या सिस्टर डाव्या हाताने चमचासुद्धा उचलू द्यायच्या नाहीत. पट्टी बसायची. माझी सगळी कामं उजव्या हातानेच होतात.

परतीच्या बसमध्ये कंडक्टरला म्हणाले, "भंडारा, एक हाफ." ज्येष्ठांना अर्धं तिकीट, गेल्या वर्षीपासून बायकांनाही अर्धं तिकीट. तेव्हापासून धकातेजी दर वेळी कंडक्टरला म्हणायचे, "दोन हाफ द्या जी. दोघं मिळून एक पूर्ण." दर वेळी तेच. वर्षभरात त्यांना दुसरा विनोद सुचला नाही. मी प्रत्येक वेळी खिडकीबाहेर बघत बसायचे.

१८ फेब्रुवारी, रविवार

दुपारी दोनला साडी बदलून, पर्समध्ये पाण्याची बाटली टाकून मी तयार बसले होते. अडीचला लक्षात आलं. बाटलीतलं पाणी तुळशीला घातलं.

तेवढ्यात बेल वाजली. करुणा, धकातेजींची मुलगी. तुमसरला दिली आहे, तांदळाच्या मिलवाल्यांकडे. परवा तेरवी झाली. मला निरोप नव्हता, आणि मी गेले नाही. तिला बसवलं. चहा नको म्हणाली, मग घेतला.

"मॅडम, तुमी पोलिसात गेल्या होत्या का?"

"हो."

"काहून?"

"बोटीत होते म्हणून."

तिने कप खाली ठेवला. म्हणाली, "तो गोपीचंद का कोण, त्याच्यावर केस झाली आहे. त्याले सजा होते की नाही, आमाले घेणं नाही. बाबा त गेले. पण तुमचं नाव आलं का लोक विचारतीन, बाबासोबत ह्या कोण होत्या. सासरी मी काय सांगू?"

"सांग की परिचित होत्या."

"परिचित लोक दर रविवारी एसटीनं तलाव पाहाले जातात का मॅडम?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणून जास्त राग आला. मी म्हटलं, "करुणा, ज्याने तुझ्या बापाला पाण्यातून काढलं, तो माणूस आरोपी आहे. बोट चालवणारा मोकळा फिरतो आहे. आणि तू मला तुझ्या सासूची भीती घालतेस?"

ती रडली नाही. वडिलांसारखंच नाक ओढून उठली. जाताना उंबऱ्यात थांबून म्हणाली, "बाबा घरी कमी बोलत. तुमच्याशी बोलत होते का?"

काय सांगणार? बोलायचं काम माझं होतं. नगरपालिका, टेलिफोनवाले, बँकेतली ती मुलगी, सगळ्यांवर मी बोलायची आणि ते पाण्याकडे बघत ऐकायचे. एकदा म्हणाले, "तुमी रागावल्या मॅडम, का मले जिल्ह्यात कायदा आहे असं वाटते."

हे तिला सांगितलं नाही. म्हटलं, "हवापाण्याचं बोलायचे."

१३ मार्च, बुधवार

सकाळी दाराशी गोपीचंद आणि त्याची बायको भागीरथा. धडकेत दुखावलेला त्याचा एक हात गळ्यात बांधलेला. मी खुर्च्या दिल्या. तो बसला, ती उभी राहिली आणि मला खालीवर पाहून म्हणाली, "ह्याच का त्या हात दाखवणाऱ्या बाई?"

"भागे, चूप बस."

"काहून चूप बसू? मले पाहू दे त."

गोपीचंदने सांगितलं ते असं. चांदबांधवर त्यांच्या मच्छीमार सोसायटीचा ठेका आहे, बोटिंगची परवानगी वेगळ्या ऑफिसने दिली आहे. एकाच पाण्याचे दोन मालक, आणि दोन्ही ऑफिसांनी एकमेकांना विचारलेलं नाही. हद्द म्हणून शेठने पाण्यावर तरंगणारे केशरी ढोल सोडले आहेत. मी विचारलं, "जाळं ढोलांच्या आत होतं की नाही?"

"ढोल वाऱ्यानं सरकते जी. मी नाही सरकत."

"म्हणजे आत होतं."

"होतं म्हणा. त्या कोन्यात वाघूर मासा लागते, आजा तेथीच टाकत होता." त्याने पायाकडे पाहिलं. हा माणूस धुतल्या तांदळासारखा नाही, हे मी नोंदवून ठेवते.

मग वल्ह्याचं निघालं. "वल्लं उभं केलं का समजाचं, जारं हाय खाली, वळसा घ्या. आमच्या तऱ्याच्या पाण्यावर पोट्ट्याटोट्याले बी मालूम हाय."

मी म्हटलं, "आम्हाला वाटलं, रामराम करता."

भागीरथा हसली. वाईट हसली. "वल्ल्यानं रामराम? बाई, तुमी बेलण्यानं रामराम करता का?"

"अन् समोरच्यानं हात दाखवला," गोपीचंद म्हणाला, "म्हंजे त्याले समजलं. मंग वल्लं खाली घ्याचं, अशी रीत. बोटवाल्यानं हात दाखवला. त्याच्यामागं तुमी. त्या भाऊंनी बी. सगऱ्यायनं! मी म्हटलं, सगऱ्यायले समजलं, आता बोट वळते. मी वल्लं खाली घेतलं अन् इडी पेटवाले बसलो."

त्या सगळ्यांत माझाही एक हात होता.

तेजराम म्हणतो, त्याने वल्हं पाहिलंच नाही. नागपूरचं जोडपं म्हणतं, आम्ही फोटो काढत होतो. सोसायटीने ठरवलेला वकील म्हणाला आहे, वल्हं उभं होतं आणि बोटवाल्याने हात केला, हे सांगणारं एकच माणूस आहे.

"तुमी कोर्टात सांगसान का जी?" त्याने विचारलं.

"सांगीन."

भागीरथा जाताना म्हणाली, "त्या भाऊले पाण्यातून काढलं तेव्हा हे रडत घरी आले. म्हणे, भागे, माणूस जड लागला नाही." मग थोडी नरम आवाजात, "तुमचे कोण होते जी ते?"

मी म्हटलं, "पाणी पिऊन जा."

२ एप्रिल, मंगळवार

माझ्या बयाणाचा एवढा उपयोग झाला की तेजरामचंही नाव आरोपपत्रात आलं. आरोपी क्रमांक एक गोपीचंद, क्रमांक दोन तेजराम. तुटकी बक्कलं विकत घेणारा शेठ कुठेच नाही. त्याने बोटिंग सुरू केलं तेव्हा पेपरात त्याचा अर्ध्या पानाचा फोटो होता, फीत कापताना. तेव्हा बोट त्याची होती. आता ती तेजरामची झाली.

वल्ह्याचा अर्थ तेजरामला माहीत नव्हता, हे मी समजू शकते. मलाही नव्हता. पण बोट माझ्या हातात नव्हती. ज्याच्या हातात असते त्याने आधी विचारायचं असतं. कायदा इतका सोपा आहे. मला कोणी विचारत नाही.

९ जून, रविवार

करुणाचा फोन. आवाज बदललेला. वडिलांचं दुकान आवरायला घेतलं आहे.

"मॅडम, आंधळगावच्या विणकराचा फोन आला होता. बाबानं एक कोसा मागावर लावून ठेवला होता. काठ फक्त दोन बोटं. विणकर म्हणते, एवढ्या बारीक काठाची साडी आपल्याकडे कोणी नेसत नाही, बाबानं हट्टानं लावली. कोणत्या गिऱ्हाइकासाठी होती, तुमाले माहीत आहे का?"

मी म्हटलं, "असेल नागपूरचं कोणी. मला त्यांच्या धंद्यातलं काय माहीत?"

"रंग कोशाचाच आहे. रंगवला नाही."

"मग नक्कीच नागपूरचं."

हातभर काठाच्या साड्या मलाही आवडत नाहीत. एकदा त्यांच्या दुकानात बसून मी बोलले होते, की हे काठ आहेत की गावची शीव, दोन बोटांच्या वर मला काही सहन होत नाही. ते गल्ल्यावर बसून हसले होते. नागपूरच्या त्या बाईला बरी चव आहे.

आज दिवसभर उकडत होतं. संध्याकाळी खांब तलावापर्यंत चालत गेले. एकटीने तलाव बघण्यात काही अर्थ नाही. पाणी दिसतं, पण कोणाला दाखवायचं?

१६ नोव्हेंबर २०२५, रविवार

वही दीड वर्षाने उघडली. लिहिण्यासारखं काही नव्हतं, तारखा पडत होत्या. त्या मी आयुष्यभर पाहिल्या आहेत, पण पलीकडच्या बाजूने.

परवा, मंगळवारी माझी साक्ष. समन्स घेऊन आलेला बेलीफ मला ओळखायचा, पायाच पडला.

काल करुणा येऊन गेली. "जाऊ नका" म्हणायला आली असेल असं वाटलं, म्हणून मी आधीच तोंड सोडलं. ती शांतपणे ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "शेठचा वकील नागपूरचा आहे. तेजरामले त्यानंच दिला. तो तुमच्याबद्दल खूप विचारून राहिला गावात. काहीबाही विचारीन कोर्टात. म्हणून सांगाले आली."

"मला भीती नाही."

"मले आहे," ती म्हणाली.

पहिली नोंद आज पुन्हा वाचली. सगळं बरोबर आहे. एक वाक्य कमी आहे. "आम्हीही हात केला" च्या आधी. ते इथे लिहिलं नाही, पोलिसांत सांगितलं नाही. त्याचा खटल्याशी संबंध नाही.

वल्हं उभं होतं, तेजरामने हात केला. एवढंच सांगायचं आणि उतरायचं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

क्रमाने लिहिते.

साकोलीचं कोर्ट. मॅजिस्ट्रेट तरुण, केस विंचरलेले. त्यांच्यासमोर कॉम्प्युटरवर रुचिता. भंडाऱ्याला माझ्याच हाताखाली शिकली, चुकली की मी तिला फार बोलायची. मला पिंजऱ्यात पाहून ती उभी राहायला निघाली. मी डोळ्यांनीच दटावलं. दोन आरोपी एकाच बाकावर, मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा सोडून. मागे भागीरथा. सर्वांत मागे, दारापाशी करुणा, पदर डोक्यावर.

सरतपासणी नीट झाली. साक्षीदार बोलतो, साहेब ते आपल्या शब्दांत सांगतात, टायपिस्ट घेते. 'आरोपी क्रमांक एक याने वल्हे उभे धरले होते. आरोपी क्रमांक दोन याने ते पाहून हात केला.' छान. सरकारी वकील बसले.

मग शेठचा वकील उठला. अत्तर लावलेला.

"बारापात्रे मॅडम, तुम्ही मृतकाच्या कोण?"

"कोणी नाही."

साहेबांनी सांगितलं, रुचिताने घेतलं: 'मी मृतकाची कोणी नाही.' मृतक हा शब्द मी एकतीस वर्षं टाइप केला. तो लागतो, हे आज कळलं.

"चष्मा आहे तुम्हाला. ऊन समोरून होतं. तुम्ही निसर्ग पाहत होत्या."

"मी वल्हं पाहत होते."

'हे म्हणणे खरे नाही की मला काही दिसले नाही.' अशी पंधरा-वीस वाक्यं झाली. हे म्हणणे खरे नाही की, हे म्हणणे खरे नाही की. मला जवळजवळ मजा येऊ लागली होती. मग त्याने पोलिसांचा कागद उचलला.

"तुम्ही सांगितलं आहे, डावा हात वर केला. तुम्ही डावखुऱ्या आहात?"

"नाही."

"कॉन्व्हेंटमध्ये शिकलात ना? तिथे तर डावा हात चालतच नाही." गावात माहिती खरंच छान गोळा केली होती त्याने. "साहेब, माझं म्हणणं असं आहे की उजव्या हाताचं माणूस अचानक कोणाला पाहून हात करेल तर उजवाच करेल. बाईंना त्या वेळचं काहीही आठवत नाही. वल्हं नव्हतं, हात नव्हता, ही सगळी नंतर रचलेली गोष्ट आहे. सांगा मॅडम, डावाच हात का?"

मी म्हटलं, "उजवा मोकळा नव्हता."

"काय होतं उजव्या हातात? पर्स?"

मी गोपीचंदकडे पाहिलं. तो स्वतःचे पाय बघत होता. मी म्हणाले असते 'पर्स', तर उतरू शकले असते. पण पर्स पायाशी होती. ती पंचनाम्यात तशीच आहे, आणि त्या माणसाच्या हातात पंचनामाही होता. शिवाय तो हात पर्स नव्हता.

"धकातेजींचा हात," मी म्हटलं.

कोर्टात पंख्याचा आवाज असतो, तो एरवी ऐकू येत नाही.

"म्हणजे?" वकील म्हणाला. आता त्याला थांबता येईना.

"म्हणजे त्यांनी माझा उजवा हात धरलेला होता. गोपीचंदने वल्हं उभं धरलं, तेजरामने हात केला. मला उजवा सोडवून घ्यायचा नव्हता. म्हणून मी डावा केला. असं मी जन्मात पहिल्यांदा केलं, म्हणून ते वल्हं मला आठवतं. मरेपर्यंत आठवेल. आणखी काही विचारायचं आहे?"

रुचिताची बोटं थांबली होती. ती साहेबांकडे नाही, माझ्याकडे बघत होती. "मॅडम, घेऊ?"

साहेब म्हणाले, "घ्या." आणि सांगितलं: 'मृतकाने माझा उजवा हात धरलेला असल्याने मी डावा हात वर केला.'

वकील बसला.

साक्ष वाचून दाखवली. चूक असेल तर सांगा, असं साहेब म्हणाले. मी म्हटलं, "वर एक वाक्य आहे, मी मृतकाची कोणी नाही. ते बरोबर नाही."

"ते तुम्ही स्वतःच सांगितलंत."

"हो."

"मग काय दुरुस्ती करायची? कोण लिहू?"

दुसऱ्यांच्या साक्षी घेताना अडखळणाऱ्यांना मी मनातल्या मनात शब्द पुरवत असे. आज मला एक सापडेना. परिचित नाही. मैत्रीण, तर लोक हसतील. बाकीचे सगळे शब्द कोणीतरी आधीच घेतलेले आहेत.

"राहू द्या," मी म्हटलं. "खालचं हाताचं वाक्य आहे ना, तेवढं पुरे." आणि सही केली.

बाहेर भागीरथा आली. मला वाटलं काही बोलेल. तिने फक्त माझा उजवा हात घेतला, पाहिला, आणि परत दिला.

करुणा झाडाखाली उभी होती. म्हटलं, आता ऐकून घ्यावं. ती म्हणाली, "चहा घेता का, मावशी?"

कँटीनच्या बाकावर बसलो. मग ती म्हणाली, "ती साडी विणकरानं उतरवून ठेवली आहे. नागपूरवरून कोणी आलं नाही."

मी कपात बघत होते. "काठ दोनच बोटं आहे ना?"

"दोनच."

"विणकराला म्हणावं, कोणाला देऊ नको."

हे सगळं झालं. आता ते राहिलेलं वाक्य लिहिते, कोर्टाने विचारलं नाही ते. बोट हलत होती म्हणून त्यांनी हात धरला, असं कोणालाही वाटेल. बोट तेव्हा खुंट्याला बांधलेली होती. नागपूरचं जोडपं तिकीट काढत होतं. मी तेजरामवर, सुतळीवर, शेठवर तोंडसुख घेत होते, आणि माझ्या बोलण्याच्या मध्येच त्यांनी हात धरला. मी बोलायची थांबले. नंतर अर्धा तलाव गेला तरी काही बोलले नाही. त्यांना काय वाटलं असेल, की मी रागावले?

२० जानेवारी २०२६, मंगळवार

निकाल. गोपीचंद निर्दोष. इशारा दिला होता, आणि हात करून तो स्वीकारला गेला होता, असं साहेबांनी लिहिलं आहे. तेजराम दोषी. त्याची बायको दाराशी बसून रडत होती. ती बक्कलं तेजरामने विकत घेतली नव्हती, त्या सुतळ्या त्याच्या पैशाच्या नव्हत्या. निकालपत्रात शेठचं नाव एकदा येतं, 'बोटीचा मालक' म्हणून, आणि पुढे कुठेच नाही. मी साहेबांच्या जागी असते तर... नव्हते. तेजरामच्या वकिलाला म्हटलं, अपील करा आणि शेठला ओढा. त्याने मला नमस्कार केला. फी कोण देतं ते मी विसरले होते.

१ फेब्रुवारी, रविवार

दुपारच्या बसने चांदबांधला गेले. "एक हाफ." कंडक्टर ओळखीचा निघाला, म्हणाला, "काका नाही दिसले बरेच दिवसात?" मी म्हटलं, "नाही." त्याने पुढे विचारलं नाही.

नवा कोसा कडक आहे, पदर सारखा खांद्यावरून सरकतो. दोन-चारदा नेसला की मऊ होईल, असं ते गिऱ्हाइकांना सांगायचे.

बोटिंग बंद आहे. खुंटा आहे. केशरी ढोल वाऱ्याने एका कडेला जाऊन लागले आहेत. मी तलावाच्या पाळीवर बसले. ऊन बरं होतं. पाणकावळे होते. नगरपालिकेने या आठवड्यात काय केलं ते मनात दोनदा सांगून झालं.

उन्हं उतरल्यावर गोपीचंद दिसला, लांब, नव्या डोंग्यात. त्यानेही मला पाहिलं असावं. उभा राहिला आणि वल्हं उभं धरलं, पार डोक्याच्या वर.

खाली जाळं होतं, की आज त्याने माझ्यासाठीच रामराम केला, एवढ्या लांबून कळेना. मी तर जमिनीवर बसलेली होते, कुठेही जात नव्हते.

त्याने वल्हं खाली घेतलं नाही. वाट बघत राहिला.

मी हात वर केला. उजवा. तो मोकळा होता.